सर्किट बोर्डावरील फ्लक्सचा अवशेष आणि त्याची स्वच्छता

तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करणारा कारागीर तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, धातूवरील ऑक्साइडचा थर निघतो आणि कथील भांड्याला धरते. सर्किट बोर्डावर सोल्डरिंग करताना फ्लक्स हेच कार्य करतो. फरक पडतो तो नंतर. भांडे धुतले जाते. बोर्डावर मात्र फ्लक्सचा उरलेला अंश जोडाजवळच राहतो आणि त्या जागी पुढे वर्षानुवर्षे विद्युतदाब असतो. म्हणून हा अवशेष काढावा की राहू द्यावा, हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाही. उपकरणाचे आयुष्य त्यावर अवलंबून असते.

इलेक्ट्रॉनिक्समधील जुना व परिचित फ्लक्स राळेचा असतो. चीड वृक्षाच्या स्रावापासून मिळणाऱ्या राळेत मुख्यतः ॲबिएटिक व तत्सम आम्ले असतात. वितळलेल्या स्थितीत ती ऑक्साइड काढतात. थंड झाल्यावर राळ कठीण, विद्युतरोधक आणि पाण्याला दाद न देणारी बनते. धोका असतो तो फ्लक्सची क्रिया वाढविण्यासाठी मिसळलेल्या हॅलाइडांचा व सेंद्रिय आम्लांचा. जे-एसटीडी-००४ या मानकात फ्लक्सचे राळ, कृत्रिम रेझिन, सेंद्रिय आणि असेंद्रिय असे चार गट केले आहेत. गटाच्या अक्षरांनंतर येणारे एल, एम किंवा एच हे अक्षर क्रियाशीलता दर्शविते, तर शेवटचा ० किंवा १ हा अंक हॅलाइडविषयी सांगतो. डबीवर ‘आरओएल०’ असे असल्यास तो राळेचा, कमी क्रियाशील आणि हॅलाइड जवळपास नसलेला फ्लक्स होय.

हानी होण्यासाठी आयन, ओलावा आणि विद्युतदाब या तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. ओलाव्याच्या पातळ थरात धन बाजूचा धातू विरघळतो, त्याचे आयन ऋण बाजूकडे सरकतात आणि तेथे झाडाच्या फांद्यांसारखे तंतू वाढू लागतात. तंतू धन बाजूस पोहोचला की शॉर्ट सर्किट होते. आजच्या बोर्डांवर दोन जोडांमधील अंतर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकेच असते. कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत ओलावा तर आयताच मिळतो.

१९८० च्या दशकापर्यंत बोर्ड धुण्यासाठी सीएफसी-११३ हे द्रावक सर्रास वापरले जाई. ते ओझोनचा थर विरळ करते म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार विकसित देशांत १९९६ पासून आणि विकसनशील देशांत २०१० पासून त्याचे उत्पादन बंद झाले. उद्योगाने त्यावर प्रामुख्याने तीन मार्ग काढले. पाण्यात विरघळणारा फ्लक्स वापरून बोर्ड आयनमुक्त पाण्याने धुणे हा पहिला. राळेचा साबण बनविणाऱ्या अल्कधर्मी द्रावणाने धुणे हा दुसरा. आणि ‘नो-क्लीन’ म्हणजे न धुता चालणारा फ्लक्स हा तिसरा. पहिल्या मार्गात धुणे अनिवार्य आहे, कारण त्या फ्लक्सचा अवशेष क्षरणकारी असतो.

नो-क्लीन फ्लक्सलाही एक अट आहे. पुरेशी उष्णता मिळाली तरच त्यातील क्रियाशील घटक उडून जातात किंवा विघटित होतात, आणि उरलेला अंश राळेत बंदिस्त होतो. भट्टीत संपूर्ण बोर्ड तापतो. हाताने काम करताना मात्र इस्त्रीच्या टोकापलीकडे पसरलेला द्रव फ्लक्स तापतच नाही आणि क्रियाशील राहतो. म्हणून हाताच्या कामात फ्लक्स बेताने लावावा.

अर्धवट सफाई ही त्याहून मोठी चूक ठरू शकते. अल्कोहोलमध्ये बुडविलेला ब्रश एकदा फिरविला की राळेचे कवच विरघळते आणि आत अडकलेले आयन बोर्डभर पसरतात. द्रावक उडून गेल्यावर दिसणारा पांढरट थर हे त्याचेच एक लक्षण. धुवायचे असेल तर पुरेशा द्रावकाने भिजवावे, ब्रशने घासावे, ताज्या द्रावकाने पुन्हा धुवावे आणि सुकण्यापूर्वी टिपून घ्यावे. अन्यथा नो-क्लीनला हात लावू नये.

प्रयोगशाळेतील सुरक्षितताही याच विषयाचा भाग आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ज्वलनांक सुमारे १२ अंश सेल्सिअस आहे. तापलेल्या इस्त्रीशेजारी त्याची उघडी बाटली असू नये. कार्बन टेट्राक्लोराइड यकृतास घातक असल्याने त्याचा वापर करू नये. राळेच्या धुराने दमा जडू शकतो. तो विद्यार्थ्याच्या नाकापर्यंत येण्याआधीच पंख्याने बाहेर ओढला गेला पाहिजे.

वर्गात हे दाखविणे अवघड नाही. तांब्याच्या दोन जवळजवळच्या पट्ट्यांवर ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब ठेवून ५ व्होल्ट दिल्यास भिंगाखाली तंतू वाढताना पाहता येतात. त्यानंतर पाण्यात विरघळणारा फ्लक्स लावलेले तीन बोर्ड – न धुतलेला, नुसता पुसलेला आणि नीट धुतलेला – ओल्या कापसासह बंद डब्यात एक दिवस ठेवावेत व पट्ट्यांमधील रोध मोजावा. दुरुस्तीच्या व्यवसायात उतरणाऱ्या विद्यार्थ्याला बोर्ड चकचकीत दिसणे आणि तो निर्धोक असणे यांतील अंतर अशा मोजणीतूनच कळेल. डबीवरील खूण वाचून मगच ब्रश उचलण्याची सवय त्याला येथेच लागली पाहिजे.