मिलिमीटरचा हिशोब

पावसाळा सरत आला की गावोगावच्या पारावर बोलणं निघतं ते कांद्याच्या भावाचं. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात त्याआधी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पर्जन्यमापकात किती मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, नेमून दिलेल्या विहिरींत पाणी कुठवर चढलं, हे आकडे ग्रामसभेपुढे येतात. माणसांच्या पिण्याचं पाणी आधी बाजूला निघतं, मग जनावरांचं. उरेल त्यावर रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. पावसाने हात आखडता घेतला असेल, तर उन्हाळी पीक नाही म्हणजे नाही.

हा हिशोब घरी बसून करून पाहण्यासारखा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गावाचं क्षेत्र ९७६ हेक्टर, म्हणजे एका मिलिमीटरला जवळजवळ एक कोटी लिटर. गाव पर्जन्यछायेतलं, तरी वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस झाला तर शिवारात ३९० कोटी लिटर उतरतं. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजायचं तर जवळपास चार लाख टँकर! घबाडच वाटावं. पण त्यातलं पुष्कळसं ऊन पिऊन टाकतं, काही ओढ्याने निघून जातं आणि जमिनीत मुरतो तो लहानसा हिस्सा. गावाने जी काही धडपड केली ती या हिस्स्यासाठी.

१९७२च्या दुष्काळाने हे गाव मोडलं होतं. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, कर्ती माणसं कामाच्या शोधात बाहेर पडली आणि मागे राहिलेल्यांत दारूच्या भट्ट्या पेटल्या. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा हा तरुण गावच्या राजकारणात पडेल असं त्याच्या घरच्यांनाही वाटलं नसावं. पुढे १९९०च्या दशकात गाव आदर्श गाव योजनेत आलं. रोजगार हमीचा पैसा आणि गावकऱ्यांचं श्रमदान यांतून डोंगरउतारावर सलग समतल चर खणले गेले, ओढ्यांवर बांध पडले, पाझर तलाव झाले. काम ‘माथा ते पायथा’, म्हणजे आधी डोंगर, मग शेत, शेवटी ओढा. क्रम चुकला तर वरची माती वाहून येते आणि खालचे बांध दोनचार पावसाळ्यांत गाळाने भरतात.

चर आणि बांध महाराष्ट्रात हजारो गावांत झाले. मग सगळी गावं हिवरे बाजार का झाली नाहीत? याचं उत्तर आदर्श गावांच्या सप्तसूत्रीतच सापडतं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी, नशाबंदी, लोटाबंदी, बोअरवेलबंदी आणि श्रमदान. सातांपैकी सहा सूत्रं ‘बंदी’ची आहेत, काही करायला सांगणारं सूत्र एकच. खणणं सोपं असतं. त्याला निधी मिळतो, उद्घाटन होतं, फोटो निघतो. हात आवरण्याचं उद्घाटन कोणी करत नाही.

त्यातली बोअरवेलबंदी समजून घ्यायची तर पायाखालचा दगड पाहावा लागतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात. विहीर याच थरातलं पाणी घेते आणि चांगला पावसाळा ते पुन्हा भरून काढतो. बोअर त्याखालच्या भेगांपर्यंत जाते. तिथलं पाणी साठायला अनेक वर्षं लागलेली असतात, ते भराभर उपसता मात्र येतं. शिवाय ज्याच्या खिशात पैसा त्याची बोअर खोल, आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी. म्हणून हिवरे बाजारात शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस आणि केळीही नाही. उसाला वर्षभरात दीड-दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं. चारशे मिलिमीटरच्या गावात ऊस लावणं म्हणजे चार-पाच शेजाऱ्यांचा पाऊस एकट्याने पिणं.

चराईबंदीची झळ कुठल्याही गावात आधी शेळ्या राखणाऱ्यांना बसते, हे इथे विसरून चालणार नाही. हिवरे बाजारात जनावरं मोकळी सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून घरी न्यायचं, असं ठरलं. डोंगरावर गवत वाढलं तसा गोठ्यातला चारा वाढला आणि शेतीच्या जोडीला दूध आलं. १९९०च्या दशकाच्या मध्याला गावात दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास दूध निघायचं, नंतर ते काही हजार लिटरवर गेलं. विहिरी ९० होत्या, त्या २९४ झाल्या. १९९५मध्ये दारिद्र्यरेषेखाली १६८ कुटुंबं होती, पुढच्या पंधरा-सतरा वर्षांत तीन उरली. बाहेर गेलेली घरं परतली, हे शेतीप्रधान गावाबद्दल सहसा ऐकायला मिळत नाही.

टीकाकारांचा एक सवाल मात्र रास्त आहे. विहिरीतलं पाणी ज्याची जमीन त्याच्याच कामी येतं, भूमिहीनाच्या वाट्याला येते ती वाढलेली मजुरी किंवा गोठ्यातली गाय. दुसरी शंका सरपंचाबद्दलची. तीस वर्षांहून अधिक काळ एकच माणूस गावाच्या केंद्रस्थानी राहिला आणि त्याला २०२०मध्ये पद्मश्रीही जाहीर झाली. मग हे यश पद्धतीचं किती आणि माणसाचं किती?

याची परीक्षा आता बाहेर चालू आहे. केंद्राने डिसेंबर २०१९मध्ये सुरू केलेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांतली गावं आली आणि गावाने स्वतःचा पाण्याचा ताळेबंद करणं हा त्या योजनेचा गाभा ठरला. ताळेबंदाचा तक्ता भरणं अवघड नाही, प्रशिक्षण घेतलेला कोणीही तो भरू शकतो. तूट आली की कोणाचं पीक कमी करायचं, हे भर ग्रामसभेत तोंडावर सांगणं अवघड.

हिवरे बाजारने आणखी एक गोष्ट ठरवून ठेवली आहे: गावातली जमीन बाहेरच्याला विकायची नाही. पाणी आलं की जमिनीला भाव येतो आणि शहरातून गाड्या येऊ लागतात. विकत घेणाऱ्याने कधी चर खणलेला नसतो, कुऱ्हाडबंदीचा ठराव झाला त्या रात्री तो ग्रामसभेत बसलेला नसतो. पहिल्याच हंगामात तो बोअरचं यंत्र बोलावील, ही भीती गावाला पाणी येण्याआधीपासून होती.