तिथी पाहून निघणारी सहल : महाड-पोलादपूरचे हिवाळी पाणपक्षी

महाराष्ट्रात हिवाळी पाणपक्षी पाहायचे म्हटले की भिगवण, जायकवाडी आणि नांदूर मधमेश्वर ही नावे आधी पुढे येतात. ते स्वाभाविकही आहे, कारण पठारावरच्या या जलाशयांचे पाणी उथळ पसरते, कडेने चिखल आणि पाणवनस्पती भरपूर असतात आणि बदकांना तसेच चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना नेमके हेच हवे असते. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत असे पसरट पाणी जवळजवळ नाही. येथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण उतार इतका तीव्र आहे की तो साचण्याआधीच नदीला मिळतो आणि दिवाळीनंतर डोंगरातले बहुतेक ओहोळ आटू लागतात. त्यामुळे येथील पक्षिनिरीक्षकांच्या गटांना हिवाळ्यात हजारोंचे थवे पाहायला मिळत नाहीत. लहान-लहान ठिकाणे एकामागून एक गाठावी लागतात आणि प्रत्येक ठिकाणी असतील तेवढे मोजके पक्षी नीट ओळखून त्यांची नोंद करावी लागते.

या सहलीचा कणा म्हणजे सावित्री नदी. महाबळेश्वरला उगम पावून ती पोलादपूरमार्गे महाडला येते, तेथे तिला गांधारी आणि पुढे काळ नदी मिळते, आणि मग रुंदावत, खारी होत ती बाणकोटजवळ समुद्राला मिळते. समुद्राची भरती या खाडीतून महाडच्या परिसरापर्यंत वर चढते. एके काळी याच पाण्यावर लहान गलबते महाडच्या बंदरापर्यंत येत असत, आणि शहरालगतच्या गांधारपाले येथील बौद्ध लेण्यांचा संबंधही अभ्यासक या जुन्या व्यापारी वाटेशी जोडतात. पक्ष्यांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की काही किलोमीटरच्या टापूत गोडे पाणी, मचूळ पाणी आणि खारा चिखल असे तिन्ही अधिवास, म्हणजे सजीवांच्या राहण्याची नैसर्गिक ठिकाणे, एकत्र मिळतात. मात्र त्यांतील चिखलाचा भाग दिवसातून दोनदाच, ओहोटीला, उघडा पडतो.

म्हणूनच येथील सहलीची वेळ घड्याळापेक्षा पंचांगावर अधिक ठरते. कोकणात मच्छीमारांचा एक जुना ठोकताळा आहे : तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी, येईल तो भरतीचा अंदाजे तास. या हिशेबाने अष्टमीला किनाऱ्यावर सहाच्या सुमारास आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती येते आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी तळ गाठते. अष्टमीच्या सकाळी खाडीकाठी गेलेल्या गटाला नुसते भरलेले पाणी दिसते. द्वितीया-तृतीयेला मात्र सकाळी साडेसात-आठच्या सुमारास ओहोटी असल्याने चिखल उघडा मिळतो. पाणी खाडीतून वर चढायला आणि मागे हटायला वेळ लागत असल्याने आतल्या भागात यात आणखी भर धरावी लागते, आणि ती किती धरावी हे एखादा हिवाळा त्याच काठावर घालवल्याशिवाय कळत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारे मोठे उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा क्षीण भांग यांतही फरक करावा लागतो, कारण भांगाच्या दिवसांत पाणी पुरते हटत नाही आणि चिखलाची पट्टी अरुंद राहते. पक्षिनिरीक्षणाच्या पुस्तकांत पहाटे लवकर निघण्याचा जो उपदेश असतो, तो जंगलातल्या पक्ष्यांसाठी योग्य असला तरी खाडीकाठी तो अर्धाच उपयोगाचा आहे.

ओहोटीच्या चिखलावर प्रथम नजरेत भरतात ते बगळे आणि पाणकावळे, परंतु ते बहुतांशी वर्षभर येथेच असतात. हिवाळी पाहुणे त्यांच्या पायांशी, आकाराने लहान आणि रंगाने मातकट असतात. त्यांतले तुतारी कुळातले पक्षी नवशिक्यांची खरी परीक्षा घेतात. सामान्य तुतारी काठाकाठाने चालताना शेपटीकडचा भाग सतत खालीवर हलवते आणि उडताना ताठ पंखांनी, पाण्यालगत, थांबत-थांबत जाते, म्हणून ती चालीवरूनच ओळखता येते. हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी यांची गोष्ट वेगळी आहे. दोघींचा आकार सारखा, दोघींची पाठ गडद आणि दोघी गोड्या पाण्याच्या कडेला येणाऱ्या. पण हिरव्या तुतारीच्या पंखांची खालची बाजू काळपट असते आणि ती उडाली की पांढरा कटिभाग ठळक चमकतो, तर ठिपकेवालीच्या पंखांची खालची बाजू फिकट, पाठ ठिपक्यांनी भरलेली आणि डोळ्यावरची पांढरी भुवई लांब असते. भात कापल्यानंतर ज्या खाचरांत थोडे पाणी उरते, तेथे ठिपकेवाली हमखास शोधावी. उत्तर युरोप आणि सायबेरियातील दलदलीत वीण करणारा हा पक्षी रायगडातल्या भाताच्या खुंटांमध्ये हिवाळा काढतो, ही माहिती गटातल्या शाळकरी मुलांना कोणत्याही भाषणापेक्षा जास्त पटते. मोठ्या पाण्यावर मासे पकडणारा ऑस्प्रे हा शिकारी पक्षी घिरट्या घालताना दिसला, तर सारी दुर्बीण-मंडळी चिखल सोडून वर पाहू लागतात आणि गणना तेवढा वेळ थांबते.

पोलादपूरकडे वर सरकले की चित्र पालटते. राणबाजिरेसारख्या धरणांचे काठ उभे आणि उघडे असतात, पाणी एकदम खोल होते, त्यामुळे पाण्यात डोके बुडवून तळातली वनस्पती खाणारी बदके तेथे फारशी रमत नाहीत. टिबुकल्या, वारकरी आणि हळदी-कुंकू बदके एवढ्यावर समाधान मानावे लागते. ओढ्यांच्या खडकांवर मात्र सप्टेंबरपासूनच करडा धोबी हजर असतो. शेपटी हलवत, प्रवाहातल्या दगडांवरून किडे टिपत फिरणारा, पिवळसर पोटाचा हा पक्षी हिमालय आणि त्यापलीकडून येतो. हिवाळी स्थलांतर सुरू झाल्याची पहिली खूण या भागात बदके नव्हे, तर तोच देतो.

गटांच्या कामाला एक मोठी चौकटही आहे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा आपला गाजलेला अभ्यास १९३० साली रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा, जिल्ह्यातील किहीमला केला. महाडची सिस्केप ही संस्था प्रामुख्याने म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या गिधाडांच्या संवर्धनासाठी ओळखली जाते, आणि त्या कामामुळे पक्षी केवळ पाहायचे नसतात, त्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवायच्या असतात, हा संस्कार या भागात रुजायला मदत झाली. राज्य शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह ठरवला. पहिली तारीख निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा आणि शेवटची सालिम अलींचा जन्मदिवस आहे. पाणपक्षी येऊ लागण्याचा काळही तोच असल्याने अनेक गटांची मोसमातली पहिली सहल या आठवड्यात पडते.

खरी कसोटी जानेवारीत असते. त्या महिन्यात आशियाई पाणपक्षी गणना होते. १९६७ पासून चालत आलेल्या जागतिक पाणपक्षी गणनेचा हा भाग भारतीय उपखंडात १९८७ साली सुरू झाला आणि तो मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या बळावर चालतो. जानेवारी निवडण्याचे कारण असे की तोवर स्थलांतर करणारे पक्षी आपापल्या ठिकाणी स्थिरावलेले असतात आणि परतीचा प्रवास सुरू झालेला नसतो, त्यामुळे एकच पक्षी दोन ठिकाणी मोजला जाण्याचा धोका कमी राहतो. मोजणीची रीत साधी आहे : पाणवठ्याची हद्द आधी ठरवायची, एकाने दुर्बिणीतून आकडा सांगायचा, दुसऱ्याने तो लिहायचा, मोठा थवा असेल तर दहा पक्ष्यांचा पुंजका मोजून त्या मापाने पुढे सरकायचे, आणि न ओळखलेल्या तुतारीला अंदाजाने नाव न देता ‘अनोळखी तुतारी’ असेच लिहायचे. महत्त्वाच्या पाणथळी ठरवताना रामसर करार, म्हणजे १९७१ साली इराणमधील रामसर येथे झालेला आंतरराष्ट्रीय करार, २०,००० पाणपक्षी किंवा एखाद्या जातीच्या संख्येचा एक टक्का असे निकष लावतो. या निकषांनी महाड-पोलादपूरचे पाणवठे फारच खाली राहतात, आणि त्यामुळे एखादा काठ यंदा रिकामा निघाला तर तो गणनेच्या तक्त्यात भरायचाच कशाला, अशी कुरकुर होते. ती चुकीची आहे. शून्यही नोंदवले गेले नाही, तर पुढे पक्षी खरोखर घटले की तेथे कोणी गेलेच नव्हते, हे सांगता येत नाही.

अशा नोंदींची गरज २०२१ नंतर अधिकच जाणवू लागली. त्या वर्षीच्या जुलैतील महापुराने महाड बुडाले, आणि त्यानंतर सावित्री व तिच्या उपनद्यांच्या पात्रातला गाळ आणि बेटे काढण्याचे काम हाती घेतले गेले. ज्या शहराने घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी अनुभवले, त्याने नदीची वाट मोकळी मागावी यात गैर काही नाही. पण वाळू-गोट्यांच्या त्याच बेटांवर हिवाळ्यात तुतारी आणि टिटव्या विसावतात, आणि नदी सुरयासारखे पक्षी अशा उघड्या बेटांवरच अंडी घालतात. कोणते बेट पुराच्या दृष्टीने अडसर आहे हे अभियंते सांगू शकतात. कोणत्या बेटावर काय विणते, हे कोणीतरी आधी पाहून लिहिलेले असावे लागते. येथे हिवाळी सहलींची एक उणीव उघड होते : त्या बहुधा फेब्रुवारीत संपतात आणि सुरयांची वीण मार्च ते मे या काळात, उन्हाच्या ऐन तडाख्यात असते. त्याच ठिकाणी, त्याच गटांनी, पाहुणे गेल्यानंतर आणखी दोन-तीन फेऱ्या केल्या तर नदीचे वर्ष पुरे होईल. त्या फेऱ्यांना छायाचित्रांची हौस फारशी भागणार नाही, आणि अंड्यांवरून पक्षी उठू नये म्हणून बेटापासून बरेच दूरच उभे राहावे लागेल.