बीदर-कलबुर्गीला जावे ते केव्हा?

गोव्यातून गाणगापूरला जाण्याचा बेत अनेक घरांत मे महिन्यावर ठेवला जातो. मुलांना सुट्टी असते, नोकरदारांना रजा मिळते आणि घरातील वडीलधाऱ्यांचे कधीचे बोललेले फेडायचे राहिलेले असते. मग गाणगापूर, जमल्यास हुमनाबादजवळचे माणिकनगर, शेवटी बीदर असा चार दिवसांचा दौरा आखला जातो. या बेतात महिना तेवढा चुकतो. त्या मुलखात मे हा वर्षातील सर्वांत कठीण महिना. कलबुर्गीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर राहतो आणि रात्री उशिरापर्यंत भिंती तापलेल्या असतात. कर्नाटक सरकार या भागातील आपल्या कचेऱ्यांची वेळ उन्हाळ्याचे दोन महिने सकाळी ८ ते दुपारी १.३० अशी बदलते. सरकारी कारभारही जेथे उन्हापुढे मान तुकवतो, तेथे सत्तरी गाठलेल्या माणसाला भर दुपारी रांगेत उभे करण्याआधी थोडा विचार व्हावा. आणि गाणगापुरात तर दुपारच महत्त्वाची. मध्यान्हकाळी दत्तमहाराज स्वतः भिक्षेसाठी फिरतात, या श्रद्धेने भाविक माधुकरी मागतात आणि वाढतात, ते नेमके बाराच्या सुमारास.

गोमंतकीयाला उन्हाळा नवा नाही. पण आपला उन्हाळा दमट आहे. अंगावर घाम साचतो, जीव नकोसा होतो आणि माणूस आपोआप पाणी मागतो. तिकडची हवा कोरडी. घाम येताक्षणी वाळतो, त्यामुळे शरीरातील पाणी किती गेले याचा अंदाज येत नाही. वृद्धांना तहानेची जाणीव मुळातच कमी असते. तेव्हा मे महिन्यातच जाणे भाग असेल, तर संगमावरचे स्नान व दर्शन सकाळी नऊच्या आत उरकावे आणि अकरा ते चार खोलीबाहेर पडू नये. माधुकरीचा नेम घरातील तरुण माणसाने पाळला तरी चालण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते. बाकी ज्याची त्याची श्रद्धा.

दोन्ही जिल्हे शेजारी असले, तरी त्यांची भूमी एक नाही. कलबुर्गी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरांवर, काळ्या कसदार जमिनीच्या सपाटीत आहे. आपल्याकडच्या घरांतील शहाबादी फरशी ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते, ते शहाबाद याच जिल्ह्यातले. बीदर त्याहून दीडदोनशे मीटर उंच पठारावर वसलेले, आणि ते पठार आहे जांभ्या दगडाचे. तांबड्या मातीचा तो रस्ता पाहून गोव्यातल्या माणसाला क्षणभर आपण घरीच आहोत असे वाटावे. जांभा पाणी मुरवून धरतो. नौबादची बहमनीकालीन भुयारी जलवाहिनी, नरसिंह झिऱ्याच्या भुयारातील छातीइतके पाणी आणि गुरू नानकांच्या नावाने पूजला जाणारा गोड्या पाण्याचा झरा ही सारी त्या दगडाची करणी आहे. उंचीमुळे बीदरचा उन्हाळाही कलबुर्गीपेक्षा थोडा सौम्य असतो.

पाऊस मात्र दोन्हीकडे बेताचाच. गोव्यात वर्षाकाठी सरासरी १२० इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तेथे तीस-पस्तीस इंच. सह्याद्रीने अरबी समुद्राकडचे ढग अडवून ठेवल्यावर उरलेला पाऊस तिकडे पोहोचतो, आणि त्यात बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या पट्ट्यांची भर पडते. म्हणून आपल्याकडे जुलै कोसळत असताना तिकडे कधी आठ-आठ दिवस उघडीप असते. उलट सप्टेंबरात, आपला पाऊस ओसरू लागल्यावर, कलबुर्गीत जोर येतो. किल्ले आणि घुमट हिरवळीत पाहायचे असतील, तर ऑगस्टमधील बीदर खरोखर देखणे असते.

गाणगापूरच्या बाबतीत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे भीमा आणि अमरजा यांचा संगम आहे, आणि भीमेचे पाणी दूर पुणे-सोलापूरकडून येते. कलबुर्गीत आभाळ निरभ्र असतानाही उजनी धरणातून विसर्ग वाढला की संगमाचा घाट पाण्याखाली जाऊ शकतो. ऑक्टोबर २०२० मधील भीमेच्या महापुराने ते दाखवून दिले. पावसाळ्यात वा त्याच्या शेवटी निघताना कलबुर्गीच्या हवामानापेक्षा उजनीच्या विसर्गाची बातमी पाहणे शहाणपणाचे.

ऋतूंचे झाले; आता सणांचे. येथे प्रवाशाला दोन पंचांगे शेजारी ठेवून बेत करावा लागतो. कलबुर्गीच्या ख्वाजा बंदेनवाज यांचा (मृत्यू १४२२) उरूस हिजरी गणनेने जिल्काद महिन्याच्या मध्यावर भरतो. निव्वळ चांद्र वर्ष आपल्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने हा उरूस दरवर्षी मागे सरकतो. २०२४ मध्ये तो मेच्या अखेरच्या पंधरवड्यात होता. २०२६ मध्ये त्याचा काळ मेच्या पहिल्या आठवड्यात येतो. २०३६ मध्ये तो जानेवारीच्या थंडीत येईल. ज्यांना दख्खनमधील हा मोठा उरूस पाहायचा आहे पण ऊन सोसत नाही, त्यांनी काही वर्षे थांबावे. उरूस आपणच त्यांच्या सोयीच्या ऋतूत येऊन पोहोचेल.

याच्या उलट उदाहरण बीदरजवळ अष्टूर येथे आहे. कलबुर्गीहून राजधानी बीदरला आणणारा बहमनी सुलतान अहमदशहा वली याची तेथे कबर आहे. मुसलमान त्याला वली मानतात, तर अनेक लिंगायत भाविक त्याच्यात अल्लमप्रभूंना पाहतात. त्याचा उत्सव मात्र हिंदू पंचांगाने, होळीनंतर होतो, आणि त्यासाठी कलबुर्गी जिल्ह्यातून जंगम शंख वाजवीत येतात. सुलतानाचा उरूस असूनही तो ऋतूला धरून राहिला आहे. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांचा (१७४६–१८२२) रथोत्सवही होळीनंतर पाचव्या दिवसाच्या सुमारास असतो. म्हणजे आपल्याकडे शिमग्याच्या मिरवणुका चालू असतात त्याच दिवसांत. तेव्हा ऊन चढू लागलेले असते, पण अजून हाताबाहेर गेलेले नसते.

हिंदू पंचांगही इंग्रजी तारखेला बांधलेले नाही, पण त्याला अधिक मासाचा लगाम आहे. २०२५ मध्ये दत्तजयंती ४ डिसेंबरला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती २३ डिसेंबरला येते. तारीख महिनाभर पुढेमागे होते, तरी सण हिवाळ्यातच राहतो. बेत आखण्याच्या दृष्टीने हे सोयीचे. फक्त मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबून खोली आरक्षित करू नये.

आता आमचा कौल. दत्तजयंतीपासून, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेपासून, मार्गशीर्ष अमावास्येपर्यंतचा पंधरवडा या मुलखासाठी सर्वांत उत्तम. किमान तापमान बारा-पंधरा अंशांपर्यंत, कधी त्याखालीही उतरते. दुपार तिशीच्या आत राहते. शेतात तूर वाळून काढणीला आलेली असते; कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि ती डाळ तेथे खाल्ल्यावर त्याचे कारण कोणी सांगावे लागत नाही. रब्बीची ज्वारी डोलत असते. माणिकप्रभूंचा जन्म १८१७ च्या दत्तजयंतीचा आणि समाधी १८६५ च्या मार्गशीर्षातली. त्यामुळे माणिकनगरात हा सारा काळ उत्सवाचा असतो. मराठी, कानडी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत पदे रचणाऱ्या या सत्पुरुषाच्या दरबारात आजही भाषेची अडचण कोणाला पडत नाही.

प्रत्यक्ष दत्तजयंतीला गाणगापुरात मुंगीला शिरायला जागा नसते. ज्यांना गर्दीतच उत्सवाचा आनंद मिळतो, त्यांनी जरूर जावे. वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी दत्तजयंती साखळीच्या दत्तमंदिरात साजरी करावी आणि दोन-तीन दिवसांनी निघावे. पादुका त्याच, आणि रांग बरीच आखूड. २०२६ मध्ये तर हा पंधरवडा २३ डिसेंबर ते ७ जानेवारी असा, आपल्या नाताळच्या सुट्टीला लागूनच येतो आहे. पर्यटकांनी ओसंडणाऱ्या गोव्यातून त्या आठवड्यात बाहेर पडण्याचे ते एक सबळ निमित्तही ठरेल.

पंधरवड्याचा शेवट होतो तो दिवस पर्यटनाच्या पुस्तिकांत क्वचितच आढळतो. मार्गशीर्ष अमावास्येला कानडीत ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात. सीमेपलीकडे लातूर-धाराशिवकडे तीच ‘येळवस’ किंवा ‘वेळ अमावस्या’ होते. कानडीत ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ, तर ‘एळु’ म्हणजे सात. नावाची व्युत्पत्ती दोन्हींकडून लावली जाते. पण कानडी शब्दाचे मराठी तोंडात असे ‘वेळ’ होऊन बसणे, यात सीमाभागाचा सारा इतिहास आला. या दिवशी घरेच्या घरे शेतावर जातात. मिश्र भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असा स्वयंपाक असतो. काळ्या आईची पूजा होते, नैवेद्य शेतभर शिंपला जातो आणि मग बांधावर पंगत बसते. वाटसरूला हाक मारून जेवायला बसवणे हा त्या दिवसाचा रिवाज. शहरांत मात्र शुकशुकाट असतो. बाजार बंद, खानावळी बंद, रस्ते ओस. हे माहीत नसलेला प्रवासी त्या दिवशी बीदरच्या बाजारात बिद्रीचे काम पाहायला निघाला, तर त्याला कुलपेच दिसतील. त्या दिवशी गाव सोडून एखाद्या शेतरस्त्याने चालू लागावे. शाळकरी मुले असलेल्यांना २०२७ ची येळवस साधणार नाही, कारण ७ जानेवारीला गुरुवार आहे.

हिवाळ्याचा हा कौल काही नवा नव्हे. १४७० च्या आसपास चौलला उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन पावसामुळे जुन्नरला दोन महिने अडकून पडला होता. आपल्या टिपणांत त्याने इथल्या पावसाळ्यालाच ‘हिवाळा’ म्हटले आहे, कारण त्याच्या देशात वाटा बंद करणारा ऋतू तोच. पुढे बीदरला पोहोचल्यावर त्याने आळंदच्या जत्रेचे वर्णन केले: दहा दिवसांचा बाजार, विक्रीला आलेले घोडे, आणि काळ ऑक्टोबरच्या सुमाराचा. वाटा कोरड्या झाल्या की व्यापारी निघत. त्याच काळात बहमनींचा वजीर महमूद गवान याने विजयनगरकडून गोवा जिंकून घेतला, तो १४७२ साली; बीदरात त्याने उभारलेल्या मदरशाचे सालही तेच आहे. बारुदाच्या स्फोटाने अर्धा ढासळलेला तो मदरसा आजही उभा आहे. निळ्या कौलांचा उरलेला तुकडा डिसेंबरच्या तिरप्या उन्हात जितका खुलतो, तितका मेच्या डोक्यावरच्या उन्हात खुलत नाही.

जाण्याचा मार्ग बेळगाव-विजापूरवरून; पणजीहून कलबुर्गी रस्त्याने पाचशे किलोमीटरांच्या आसपास. मध्ये विजापूरला मुक्काम केला, तर ज्येष्ठांना त्रास होत नाही. कलबुर्गी-बीदर रेल्वे २०१७ पासून हुमनाबादमार्गे सुरू आहे. आळंद, बसवकल्याण, भालकी, औराद या तालुक्यांत मराठी सर्रास चालते. नरसिंह झिऱ्याच्या भुयारातील दर्शन पाण्याच्या पातळीनुसार कधी कधी बंद ठेवतात, तेव्हा आधी विचारून घ्यावे. डिसेंबरात पहाटे संगमावर जायचे असेल तर स्वेटर आणि कानटोपी घ्यावी. गोव्यात तिचा उपयोग होत नाही म्हणून ती घरी विसरते, आणि भीमेच्या काठी पहाटे पाचला तिचीच आठवण होते.