हजेरी कोणाच्या हातीं?

पगाराचा हिशेब दोन आंकड्यांवर होतो : एक दराचा, दुसरा काळाचा. दर आधीं ठरलेला असतो. त्याविषयीं तंटा झालाच तर कागद पुढें करतां येतो. काळाचें तसें नाहीं. तो सरून जातो, आणि मागें जी नोंद उरते तीच खरी मानावी लागते. म्हणून नोंदीची पद्धत किती अचूक आहे एवढेंच पाहून भागत नाहीं. ती कोणाच्या हातीं आहे, आणि ज्याचे श्रम तींत मोजले जातात त्याला ती वाचतां येते कीं नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे.

मुंबईच्या कापडगिरण्या एकोणिसाव्या शतकांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. हिवाळ्यांत दिवस आंखूड, उन्हाळ्यांत लांब. कामगाराच्या घरीं घड्याळ बहुधा नसेच. गिरणीचा भोंगा हेंच त्याचें घड्याळ, आणि तें मालकाचें! १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले, सूर्यास्ताची मर्यादाही उरली नाहीं, आणि कित्येक गिरण्यांत कामाचा दिवस चवदा-पंधरा तासांवर गेला. १९०६ च्या जानेवारींत मुंबईच्या स्थानिक वेळेहून ३९ मिनिटें पुढें असलेली नवी प्रमाणवेळ आली, तेव्हां गिरणी कामगारांनीं काम बंद पाडलें, यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

हजेरीची वही कचेरींत राही, आणि ज्यांचीं नांवें तींत असत त्यांतील बहुतेकांना ती वाचतां येत नसे. त्या वहींतला सर्वांत जाचक शब्द म्हणजे ‘खाडा’. एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचा पगार कापण्याची चाल होती. तिला ‘डबल खाडा’ म्हणत. गैरहजेरीच्या प्रमाणाबाहेर कपात करण्यास सामान्यतः मनाई झाली ती १९३६ च्या वेतनविषयक कायद्यानें. गिरण्या गेल्या, तरी हा शब्द सुशिक्षित घरांत अजून नांदतो आहे. घरकामाच्या बाईंचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरावर न चुकतां मांडले जातात. पाहुणे आले म्हणून त्या तासभर अधिक थांबल्या, तर त्याची खूण मात्र क्वचितच दिसते. कॅलेंडर घरचें, पेन्सिलही घरचीच.

कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा पडत गेली, तसें नोंदीला पुराव्याचें महत्त्व आलें. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांचा केला, १९३४ च्या कायद्यानें बारमाही कारखान्यांत तो दहांवर आणला. ही मर्यादा पाळली गेली कीं नाहीं, हें वहीखेरीज कोण सांगणार?

यंत्रानें नोंद करण्याची युक्ति अमेरिकेंतली. न्यूयॉर्क राज्यांतील ऑबर्न येथील जवाहिऱ्या विलर्ड बंडी याच्या घड्याळास १८९० मध्यें पेटंट मिळालें. प्रत्येक कामगारास स्वतःच्या क्रमांकाची किल्ली असे. ती घड्याळांत घालून फिरविली कीं आंतल्या कागदी पट्टीवर क्रमांक व वेळ उमटे. पट्टी अर्थातच यंत्राच्या पोटांत बंद. १८९४ मध्यें डॅनियल कूपर यानें पुठ्ठ्याच्या कार्डावर वेळ छापणारें घड्याळ काढलें. वरवर पाहतां सुधारणा किरकोळ दिसते. पण नोंद आतां आठवडाभर कामगाराच्या डोळ्यांसमोर राहूं लागली. आपण किती वाजतां आलों व गेलों, हें त्याला कारकुनास न विचारतां कळूं लागलें. मित्राचें कार्ड दुसऱ्यानेंच दाबण्याची लबाडी तींत शिरली, हें खरें. पण लबाडी एकाच बाजूस असते असें नाहीं. पाव तासाच्या टप्प्यानें हिशेब करणाऱ्या कारखान्यांत आठ वाजून आठ मिनिटांनीं आलेला मनुष्य सव्वाआठला आला असें धरलें जातें, आणि त्याचीं सात मिनिटें जातात. अमेरिकेच्या नियमांनीं ही सूट दिली ती अशा अटीवर, कीं काळाच्या ओघांत कामगाराचें नुकसान होतां कामा नये. सकाळीं पुढें व संध्याकाळीं मागें असा सोयीचाच टप्पा धरणाऱ्याला ती अट कशी मानवणार?

आतां बोटाचा ठसा आणि चेहरा हींच किल्ली झालीं आहेत. मित्राला मदत करण्याची सोय गेली. पण विटा-सिमेंटांत राबून बोटांच्या रेषा झिजलेल्यांचे ठसे यंत्र पुष्कळदां ओळखीत नाहीं. ग्रामीण रोजगार हमीच्या केंद्रीय योजनेंत २०२१ पासून मोबाईलवर हजेरी घेणें सुरू झालें आणि जानेवारी २०२३ पासून दिवसांतून दोनदां मजुरांचें छायाचित्र पाठविणें सक्तीचें झालें. खोट्या नांवांना आळा बसावा, हा हेतु रास्तच. परंतु डोंगराआड फोनला संदेशवहन मिळालें नाहीं, तर खणलेली माती जागेवर असूनही मजुराच्या हजेरीचा प्रश्न उभा राही. बंडीच्या पट्टीप्रमाणें नोंद पुन्हां दूर, कुलुपांत गेली.

युरोपीय संघाच्या न्यायालयापुढें स्पेनमधील एका कामगार संघटनेनें हाच मुद्दा नेला होता. जादा तासांची नोंद ठेविली म्हणजे पुरे, कीं रोजच्या सर्व तासांची ठेवावी? १४ मे २०१९ रोजीं न्यायालयानें निकाल दिला कीं, रोजच्या कामाचा काळ मोजणारी वस्तुनिष्ठ, विश्वसनीय आणि सहज पाहतां येईल अशी व्यवस्था मालकानें ठेविली पाहिजे. कारण रोजचे तासच मोजले नाहींत, तर जादा किती झाले हें सिद्ध करणें कामगाराला जवळजवळ अशक्य होतें.