काळजाचा गोटा झाला म्हणता, आधी मेंदूकडे पहा

समोरचा माणूस रागात आहे की दुःखात, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायला शाळा लागत नाही. म्हणून हे ज्ञान काळजात असते असे आपण धरून चालतो, आणि ज्याला दुसऱ्याचे अश्रू कळत नाहीत त्याला सरळ निर्दयी ठरवतो. विज्ञान सांगते, हे काम मेंदूचे आहे आणि मेंदूतल्याही ठराविक जागांचे आहे. ती जागा दुखावली तर भला माणूससुद्धा चेहरा वाचू शकत नाही. कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. तेव्हा बौद्ध घरांत तरी हे कारण माहीत असावे.

अमेरिकेतील आयोवा येथे एका बाईचा बरीच वर्षे अभ्यास झाला. नाव गुप्त ठेवून तिला ‘एस. एम.’ म्हणतात. मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा एकेक भाग असतो, त्याला अमिग्डाला म्हणतात. एका दुर्मिळ रोगाने तिचे हे दोन्ही भाग निकामी झाले. बुद्धी शाबूत, नजर चांगली. ती ओळखीची माणसे ओळखते, हसरा चेहराही ओळखते. फक्त भ्यालेला चेहरा तिला कळत नाही, असे राल्फ अ‍ॅडॉल्फ्स व सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखवले. २००५ साली त्यांना याचे कारणही सापडले. ती समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहतच नव्हती, आणि भीती तर डोळ्यांतच दिसते. ‘डोळ्यांकडे पहा’ असे सांगताच तिने भीती बरोबर ओळखली. सांगणे थांबले की पुन्हा पहिल्यासारखेच!

एवढा दुर्मिळ रोग आपल्या वस्तीत कोणी पाहिला नसेल. पण लकवा? तो प्रत्येक मोहल्ल्यात आहे. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की डावे अंग लुळे पडते. बोलणे बहुधा शाबूत राहते, म्हणून घरचे म्हणतात, डोके ठीक आहे. परंतु चेहरा वाचण्यात उजव्या मेंदूचा वाटा मोठा आहे. अ‍ॅडॉल्फ्स यांनीच मेंदूला इजा झालेल्या १०८ जणांची तपासणी करून २००० साली हे मांडले. त्यात स्वतःच्या अंगाची जाणीव देणारा उजवीकडील भाग विशेष महत्त्वाचा ठरला. म्हणजे दुसऱ्याचे दुःख ओळखताना आपला मेंदू तो चेहरा जणू स्वतःच्या तोंडावर लावून पाहतो, असा त्यांचा तर्क आहे.

हे माहीत नसलेली घरधनीण म्हणते, “मी समोर रडून रायली, अन् हा माणूस भाकर मांगून रायला!” तिचा संताप खोटा नाही. पण त्या माणसाला रडणे दिसत असूनही उमजत नसेल तर? मग शेजारीण करणीची गोष्ट काढते आणि अंगारा, लिंबू सुरू होते. १९५६ साली जे आपण नागपुरात टाकून आलो ते मागच्या दाराने घरात येते. त्यापेक्षा इर्विनला न्या, अकोल्याकडचे असाल तर सर्वोपचारला न्या. लकव्याचा झटका येताच न्या, कारण रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आणि घरी त्या माणसाला तोंडाने सांगा, ‘मला वाईट वाटते आहे.’ चेहऱ्यावरून कळेल अशी वाट पाहू नका.

स्किझोफ्रेनियातही ही अडचण येते. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेत २००८ साली यासाठी भारतीय चेहऱ्यांचा संच तयार झाला. स्त्री-पुरुष, तरुण-वयस्क अशा चार कलावंतांनी त्यात भावना दाखवल्या आहेत. परदेशी चेहऱ्यांवर आपल्या माणसांची परीक्षा का घ्यावी, हा विचार मला फार पटतो.

आता दारू. बेल्जियममध्ये व्यसनावर उपचार घेणाऱ्यांना चेहरे दाखवले गेले आणि १९९९ साली निष्कर्ष छापून आले. त्यांना भावना असते त्याहून तीव्र वाटली, पुष्कळदा चुकीचीही वाटली, आणि आपण चुकतो आहोत हे त्यांच्या ध्यानीही आले नाही. बायको नुसती थकलेली असते, याला ती तुच्छतेने पाहते असे वाटते, आणि भांडण पेटते. पाचवे शील आपण विहारात म्हणतो, त्याचा हा अर्थ कोणी समजावून सांगत नाही. मारहाणीला ही सबब मात्र मुळीच नाही.

अशा घरातल्या लेकरांचे काय होते? अमेरिकेतील सेथ पोलाक आणि भारतीय वंशाचे पवन सिन्हा यांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना आधी अस्पष्ट चेहरा दाखवायचा आणि तो हळूहळू स्पष्ट करत न्यायचा. मार खाल्लेल्या मुलांना चित्र पुरते उमटण्याआधीच राग दिसला. ज्या घरात राग चटकन ओळखला तरच मार चुकतो, तिथे मेंदू तेच शिकतो. वर्गात गुरुजींच्या कपाळावर आठी पडली की दचकणारे पोर तुमच्याही ओळखीचे असेल. त्याला भित्रे म्हणण्यापूर्वी घरी काय चालते ते विचारा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ सालापासून सुरू आहे, तिथे मराठीतही बोलता येते.