त्याने मला ती दिली

विल्यम कॅरे यांचे बंगाली व्याकरण १८०१ साली आणि मराठी व्याकरण १८०५ साली कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथे छापले गेले. मराठीच्या कामी फोर्ट विल्यम कॉलेजातील पंडित वैजनाथ यांचे त्यांना साहाय्य होते. एकाच अभ्यासकाच्या हातून व्याकरणबद्ध झालेल्या या दोन भाषांमधील अंतर एका लहानशा वाक्यात दिसते.

चिठ्ठीविषयी मराठी माणूस म्हणतो, 'त्याने मला ती दिली'. पुस्तकाविषयी, 'त्याने मला ते दिले'. बंगाली माणूस दोन्ही वेळी म्हणतो, 'शे आमाके ओटा दिलो'. 'दिली'तला आणि 'दिलो'तला 'ल' मुळात एकच, भूतकालवाचक कृदंताचा. परंतु बंगालीत नामांचे व्याकरणिक लिंग लोपले आणि क्रियापद देणाऱ्याशी जुळू लागले. मराठीत ते दिलेल्या वस्तूशीच एकनिष्ठ राहिले.

आता दूरच्या इटालियनकडे पाहावे. तेथे 'मला' म्हणजे 'मी' आणि 'ती' हे कर्म म्हणजे 'ला'. दोन्ही सर्वनामे एकत्र आली की 'मी'चे 'मे' होते आणि ही जोडी क्रियापदाआधी बसते: 'मे ला दा', म्हणजे तो मला ती देतो. आज्ञार्थात तीच जोडी क्रियापदाच्या शेवटी चिकटते: 'दाम्मेला', मला ती दे. क्रम ठरलेला, घेणारा आधी, वस्तू नंतर. भूतकाळात चिठ्ठीसाठी कृदंत 'दाता' होते, तर तेथे पुल्लिंगी असलेल्या पुस्तकासाठी 'दातो'. आपली 'दिली' आणि 'दिला' यांचीच ही रीत.

मात्र घेणाऱ्याच्या बाबतीत इटालियन बंगालीच्या बाजूला जाते. 'ल्येला' या जोडीचा अर्थ 'त्याला ती' असाही होतो आणि 'तिला ती' असाही. बंगाली 'ताके'सुद्धा दोघांना सारखेच लागू पडते. मराठीला 'त्याला' किंवा 'तिला' यांपैकी एक निवडावेच लागते.

यावरून कोणतीही भाषा उणी ठरत नाही. बोलणाऱ्यांना मागचापुढचा संदर्भ ठाऊक असतो. अडचण येते ती भाषांतरकाराला. बंगाली जबानीतील 'ताके' मराठीत आणताना चिठ्ठी पुरुषाच्या हाती गेली की स्त्रीच्या, हे त्याने आधी शोधले पाहिजे. अंदाजाने लिहिलेली एक मात्रा मूळ साक्षीत नसलेली गोष्ट साक्षीदाराच्या तोंडी घालू शकते.