गोल्फचा श्रीगणेशा कोणापाशीं करावा?

कोणतीहि विद्या गुरुमुखांतून घ्यावी, हा आपल्याकडील जुना परिपाठ आहे. वेदाची संथा, गायन, वैद्यक, फार काय, मोडी अक्षरसुद्धां नुसती पोथी उघडून साध्य होतें असें कोणी मानीत नाहीं. परंतु खेळाचा प्रश्न आला कीं हाच नियम आपण खुशाल गुंडाळून ठेवतों. 'खेळावयास कसला शिक्षक हवा? चार दिवस मैदानावर गेला म्हणजे आपोआप येईल,' असें घरांतील वडील मंडळी म्हणतात. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या यांच्या बाबतींत तें बव्हंशीं खरेंहि आहे. गोल्फच्या बाबतींत मात्र तें खरें नाहीं. आणि तें कां, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

हा प्रश्न आतां केवळ साहेबलोकांचा राहिलेला नाहीं. आपल्या देशांत हा खेळ इंग्रजांबरोबर आला. रॉयल कॅलकटा गोल्फ क्लब १८२९ सालीं निघाला, आणि ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून त्याची ख्याति आहे. पुढें दीर्घकाळ हा खेळ लष्करी छावण्या व बडे अंमलदार यांच्या कुंपणाआड राहिला. परंतु २०१६ सालीं, ११२ वर्षांच्या खंडानंतर, ऑलिंपिक सामन्यांत त्यास पुन्हां स्थान मिळालें. कोरोनाच्या सांथीमुळें लांबून २०२१ सालीं भरलेल्या टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें बंगळूरची अदिति अशोक चौथी आली. त्या दिवशीं, एरवीं गोल्फचें नांवहि न काढणाऱ्या कित्येक घरांतून मंडळी सकाळींच दूरचित्रवाणीपुढें येऊन बसली होती. त्याच ऑलिंपिकमध्यें पुण्याचे उदयन माने हेहि भारतातर्फे खेळले. तेव्हां घरांतील नोकरींत स्थिरावलेला पुतण्या किंवा शाळेंत जाणारी नात 'मी गोल्फ शिकूं का?' असें विचारूं लागली, तर आतां नवल वाटण्याचें कारण नाहीं.

नवल वाटावें तें पुढील गोष्टीचें. परवानगी मिळतांच पुतण्या प्रथम काय करतो? चकचकीत क्लबांनीं, म्हणजे ठोकण्याच्या काठ्यांनीं, भरलेली एक भली मोठी पिशवी विकत आणतो. तीवर मोठी रक्कम खर्चून झाल्यावर 'आतां शिक्षकाला आणखी पैसे कशाला?' असा हिशेब घरांत मांडला जातो. आमच्या मतें हा हिशेब अगदीं उलटा आहे. या खेळांत पहिला रुपया शिक्षकास द्यावा. काठ्यांचें मागाहून पाहतां येतें.

गोल्फ दिसावयास फार सोपा. चेंडू जमिनीवर स्वस्थ पडलेला असतो. तो कोणी अंगावर फेंकीत नाहीं कीं हिसकावून घेत नाहीं. त्याचा व्यास १.६८ इंचांहून कमी नसावा व वजन १.६२ औंसांहून अधिक नसावें, असा नियम आहे. ज्या खळग्यांत तो घालावयाचा, तो 'होल' म्हणजे आपल्या गोट्यांच्या खेळांतील गलच म्हणावयाची. तिचा व्यास सव्वाचार इंच. अशा अठरा गली ज्याचे कमींत कमी टोल्यांत होतील तो जिंकला. खेळाडूनें जास्तींत जास्त १४ क्लब बरोबर बाळगावे. एवढ्यांत बुद्धीला न समजण्यासारखें कांहीं दिसत नाहीं.

परंतु हातीं क्लब घेतला कीं एक विलक्षण अनुभव येतो. या खेळांत नवशिक्याची सहजबुद्धि त्याला बहुधा चुकीचाच उपाय सांगते. तीन उदाहरणें घेऊं. चेंडू हवेंत उडावा म्हणून नवशिका त्याला खालून वर उचलूं पाहतो. वास्तविक क्लबाच्या पात्याला आधींच कल दिलेला असतो आणि चेंडू उचलण्याचें काम तो कलच करतो. खेळाडूनें वर उचलण्याचा यत्न केला, कीं पातें चेंडूच्या माथ्यावर बसतें आणि चेंडू जमिनीवरून सरपटत जातो. तो सरपटला म्हणून नवशिका पुढल्या खेपेस अधिकच उचलूं पाहतो! दुसरें उदाहरण उजव्या हातानें खेळणाराचें. त्याचा चेंडू वळून उजवीकडे जातो. म्हणून तो डावीकडे तोंड करून उभा राहतो. त्यामुळें क्लब चेंडूवरून अधिक तिरपा ओढला जातो, चेंडूला अधिक फिरकी बसते, आणि तो पूर्वींपेक्षां जास्त उजवीकडे जातो. तिसरें, चेंडू दूर जात नाहीं म्हणून तो क्लब मुठींत करकचून आवळतो. आवळल्यानें मनगटें ताठरतात, क्लबाचा वेग कमी होतो, आणि चेंडू आणखीच अलीकडे पडतो. म्हणजे तिन्ही ठिकाणीं उपायच रोग वाढवितो. अशा रोगावर स्वत:च वैद्य होऊन चालत नाहीं.

दुसरी अडचण अशी कीं, खेळाडूस आपली चूक दिसत नाहीं. क्लबाचें पातें व चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारें दोन हजाराव्या भागापुरताच होतो. तेवढ्यांत पातें किंचित् तिरपें असलें, तरी त्याचा परिणाम पुढें केवढा होतो, हें भूमितीच्या कोणत्याहि विद्यार्थ्यास काढतां येईल. २०० यार्डांच्या अंतरावर एका अंशाची चूक म्हणजे सुमारें साडेतीन यार्ड, आणि तीन अंशांची म्हणजे दहा यार्डांहून अधिक. त्या तीन अंशांचें मूळ बहुधा टोल्यांत नसतेंच. तें त्यापूर्वींच्या पकडींत, पायांच्या ठेवणींत किंवा खांद्यांच्या दिशेंत असतें. तें पाहण्यास समोर उभा असलेला दुसरा जाणता डोळाच लागतो.

ज्यांनीं शाळेंत पहिलीचा वर्ग चालविला आहे, त्यांस हें तत्त्व निराळें सांगावयास नको. पेन्सिल धरावयाची ती कशी, हें पहिल्या आठवड्यांत दाखविलें तर दोन मिनिटांचें काम असतें. घरीं मुठींत पेन्सिल धरून वर्षभर रेघोट्या ओढलेल्या मुलाची तीच पकड सोडविण्यास सहा महिने लागतात, आणि तरीहि घाईंत लिहितांना तें मूल जुन्याच पकडीवर जातें. गोल्फमध्यें नेमकें असेंच घडतें. वर्षभर एकट्यानें केलेला सराव फुकट जात नाहीं, हेंच खरें दु:ख. तो चुकीला पक्कें करून ठेवतो. मग शिक्षकाकडे गेल्यावर आधीं विसरावयाचें आणि मग शिकावयाचें, असें दुप्पट काम पडतें.

या बाबतींत अमेरिकेच्या जॅक निक्लॉस याचें चरित्र मनन करण्यासारखें आहे. १९५० सालीं, दहा वर्षांचा असतां, ओहायो संस्थानांतील कोलंबस शहरीं सायोटो क्लबावर जॅक ग्राउट नांवाच्या शिक्षकानें चालविलेल्या मुलांच्या वर्गांत तो दाखल झाला. टोला मारतांना डोकें स्थिर राहावें म्हणून ग्राउटचा मदतनीस त्या मुलाचे केस हातांत धरून ठेवी. डोकें हललें कीं केस ओढले जात. शेंडीला दोरी बांधून अभ्यासास बसणाऱ्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची येथें कोणासहि आठवण होईल. पुढें १९६२ ते १९८६ या काळांत निक्लॉसनें १८ मोठ्या स्पर्धा जिंकल्या. परंतु जगांत पहिला गणला जात असतांहि, दरवर्षीं हंगामाच्या आरंभीं तो ग्राउटकडे जाई आणि जणूं कांहीं आपणांस काहींच येत नाहीं अशा रीतीनें पकडीपासून पुन्हां धडे घेई. ज्याला गुरूची गरज सर्वांत कमी, तो दरवर्षीं गुरूकडे जातो. आणि ज्याला ती सर्वांत अधिक, तो नवशिका म्हणतो कीं मी माझें पाहून घेईन!

यावर कोणी आक्षेप घेईल कीं, गुरूवांचून थोर झालेले खेळाडूहि आहेतच. आहेत. अटलांटाच्या बॉबी जोन्सनें १९३० सालीं एकाच वर्षांत त्या काळच्या चारहि मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्यानें लहानपणीं रीतसर धडे घेतले नव्हते. आपल्याकडील एस. एस. पी. चौरसिया हे कलकत्त्याच्या क्लबावर हिरवळ राखणाराचे चिरंजीव. तेहि स्वत:च शिकले आणि २०१६ व २०१७ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यांनीं इंडियन ओपन जिंकली. परंतु थोडें खोल पाहिलें तर काय दिसतें? जोन्स बालपणीं स्ट्यूअर्ट मेडन या स्कॉच व्यावसायिकाच्या मागें मागें मैदानभर फिरे आणि त्याचा टोला हुबेहूब उचली. चौरसियांचें बाळपण तर गोल्फच्या मैदानावरच गेलें. म्हणजे हे एकलव्य होत. द्रोणाची मूर्ति त्यांनीं रोज डोळ्यांपुढें ठेवली. आठवड्यांतून एका रविवारीं दोन तास मैदानावर जाणाऱ्या गृहस्थानें त्यांचा दाखला देणें शोभत नाहीं.

आतां घरोघरीं भ्रमणध्वनीवर उत्तमोत्तम खेळाडूंचीं चित्रें फुकट पाहावयास मिळतात, मग शिक्षक कशास, असाहि प्रश्न येतो. तीं जरूर पाहावीं. परंतु तें चित्र आपणांस पाहूं शकत नाहीं. तें सर्वांना एकच औषध सांगतें. आपला रोग कोणता, हें त्याला ठाऊक नसतें. स्वत:चें चित्र काढून पाहिलें, तरी त्यांत काय पाहावयाचें हें शिकलेल्यालाच कळतें.

शिवाय चांगला शिक्षक केवळ टोला शिकवीत नाहीं. कंबर व कोंपर हीं या खेळांतील दुखणाईत ठिकाणें. वांकडी सवय लागली तर त्यांचा त्रास होतो, म्हणून चाळिशीपुढील नवशिक्यानें तर जुनीं दुखणीं शिक्षकास आधींच सांगावीं. दुसऱ्याचा टोला चालू असतां त्याच्या पुढें उभें राहूं नये, चेंडू कोणाच्या दिशेनें गेल्यास 'फोर!' म्हणून मोठ्यानें ओरडावें, आपल्या टोल्यानें उखडलेली माती पूर्ववत् करावी, दुसरा खेळत असतां बोलूं नये, हे आचार तोच लावतो. या खेळांत प्रत्येक टोल्यामागें पंच उभा नसतो. आपला दोष आपणच सांगावयाचा असतो. १९२५ सालच्या अमेरिकन ओपन स्पर्धेंत चेंडू किंचित् हलल्याचें दुसऱ्या कोणीं पाहिलें नसतांहि उपर्युक्त जोन्सनें स्वत:वर एक टोला दंड घेतला, आणि पुढें बरोबरी होऊन फेरसामन्यांत ती स्पर्धा त्याच्या हातची गेली. मुलांना हा संस्कार लागणें म्हणजे फीचा पैसा वसूल होणेंच होय.

व्यवहाराच्या दृष्टीनें चार गोष्टी सांगून लेख आटोपतों. आरंभीं पांच-सहा धडे पुरेत. एकट्याची फी झेपत नसेल तर चौघांनीं मिळून वर्ग धरावा. दोन धड्यांमध्यें आठवडा-दोन आठवडे जाऊं द्यावे आणि सांगितलेलें तेवढेंच गिरवावें. कारण सरावावांचून धडा म्हणजे न घोटलेलें औषध. शिक्षक निवडतांना त्याची कीर्ति पाहूं नये, रीत पाहावी. जो प्रथम आपले दहा टोले मुकाट्यानें पाहतो आणि मग एकच गोष्ट सांगतो तो खरा. जो पहिल्याच दिवशीं दहा गोष्टी सांगतो त्यापासून दूर राहावें. आणि काठ्या? शिक्षणाच्या काळांत मैदानावरील किंवा शिक्षकापाशीं असलेल्या जुन्या काठ्यांवर भागवावें, आणि पुढें त्याच्याच सल्ल्यानें, आपल्या उंचीस व हातास साजतील अशा, मोजक्या घ्याव्या.

पुतण्यानें आपण होऊन असें केलें तर उत्तमच. परंतु त्यानें पिशवीसाठीं पैसे मागितले, तर घरांतील कर्त्यांनीं ते नाकारूं नयेत आणि लगेच देऊंहि नयेत. 'सहा धडे घेऊन ये, मग पिशवीचें बोलूं,' एवढेंच सांगावें. सहा धड्यांनंतरहि त्याची हौस टिकली, तर पिशवीचा खर्च योग्य ठिकाणीं जाईल. आणि न टिकली, तर घरांतल्या कोपऱ्यांत धूळ खात पडणाऱ्या वस्तूंत एकीची भर पडावयाची टळेल.